जर्मनची होडी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत समुद्राविषयी ऐतिहासिक लेख म्हटला की कान्होजी आंग्र्यांचे आरमार, सिंधुदुर्गाची बांधणी किंवा मुंबईच्या गोदीतील वाडिया घराणे यांपैकी काहीतरी वाचावयास मिळणार, अशी वाचकांची समजूत असते, आणि ती योग्यच आहे. हे विषय आमच्याहून अधिकारी लेखणींनी हाताळलेले असल्यामुळे त्यांत आम्ही हात घालीत नाही. आम्ही ज्या नौकेच्या निमित्ताने चार शब्द लिहीत आहोत ती अवघी चौदा फूट लांब आहे. तिला डोलकाठी नाही, शीड नाही, व तिने आजवर एकही लढाई पाहिलेली नाही. ती अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, कोणत्याही समुद्रापासून शेकडो मैल दूर, एका गोड्या पाण्याच्या तळ्यावर असते. ती ॲल्युमिनियमची आहे, आणि आमच्या धाकट्या चिरंजीवांनी ती २०१८ साली, जुनी व गळकी अशी, एका साध्या सायकलीच्या किमतीत विकत घेतली.

यात स्मरणिकेत लिहिण्याजोगे ते काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, आमचे तीर्थरूप वयाच्या चौदाव्या वर्षापासून पाय थकेपर्यंत दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी होते. होडीचा वाटा होडीवाल्याचा व खलाशाचा वाटा खलाशाचा, हा हिशेब ज्या घरांत पिढ्यानुपिढ्या चालला त्या घरांतील मंडळींस आमचे म्हणणे अधिक फोड न करता समजेल. होडीच्या कागदावर ‘मालक’ या शब्दापुढे आमच्या घराण्याचे नाव लागण्याचा तो पहिला प्रसंग होता. तो मालवणच्या किनाऱ्यावर न घडता मिनेसोटात घडला, हा काळाचा महिमा.

ही वार्ता गावी कळली तेव्हा आमच्या वाडीतील एका वृद्ध तांडेलांनी आम्हांस भर वाटेत थांबवून विचारले, “गुरुजी, झिलान तुमच्या जर्मनाची होडी घेतल्यान? तेच्यात भात शिजयतलो काय मासे धरतलो?” उपस्थित मंडळी हसली, आम्हीही हसलो. परंतु घरी आल्यावर त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. ज्या धातूचे पातेले आपल्या प्रत्येक घरात आहे त्या धातूची होडी मात्र आपल्या किनाऱ्यावर क्वचितच दिसते, आणि तिकडे तळ्यातळ्यांवर तीच होडी दिसते, याचे कारण काय? ते शोधता शोधता आम्ही या धातूच्या इतिहासात शिरलो, आणि त्या इतिहासाने पुढे आमचीच एक चूक आमच्या पदरात घातली. ती चूक सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही, म्हणून प्रारंभीच तिचा उल्लेख करून ठेवतो.

प्रथम नावाविषयी. आपल्याकडे ॲल्युमिनियमला सर्रास ‘जर्मन’ म्हणतात. वस्तुतः ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाचा एक निराळाच मिश्रधातू आहे. त्यात तांबे, जस्त व निकेल असते, आणि नावात सिल्व्हर असले तरी चांदीचा कणही नसतो. स्वस्त, पांढरे व चकचकीत ते जर्मन, एवढाच बोध आपल्या बाजारपेठांनी घेतलेला दिसतो. तेव्हा वाडीतील म्हाताऱ्यांच्या तोंडी जे ‘जर्मन’ आहे ते शास्त्रदृष्ट्या चुकीचे खरे, परंतु शब्दाचा कौल शास्त्र्यांपेक्षा बाजारच देत असतो.

‘ॲल्युमिनम’ हे नाव इंग्लंडचे विख्यात रसायनवेत्ते सर हंफ्री डेव्ही यांनी १८१२ साली रूढ केले. त्यापूर्वी १८०८ मध्ये त्यांनीच ‘ॲल्युमियम’ असे एक नाव सुचविले होते. नवल असे की, त्यांनी नाव दिले तेव्हा तो धातू शुद्ध स्वरूपात कोणी पाहिलेलाही नव्हता. नामकरणविधी झाला आणि मूल तेरा वर्षांनी जन्मास आले! १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी तो प्रथम वेगळा केला. पुढे साठ वर्षे तो इतका दुर्मिळ होता की, १८८४ साली वॉशिंग्टन शहरातील प्रचंड स्मारकस्तंभाच्या शिखरावर बसविण्याकरिता शंभर औंस वजनाचे ॲल्युमिनियमचे टोक ओतले, तेव्हा त्याचा भाव जवळजवळ चांदीच्या बरोबरीचा होता. बसविण्यापूर्वी ते टोक न्यूयॉर्कमधील एका जवाहिऱ्याच्या दुकानात लोकांना पाहण्यासाठी ठेवले होते. आज आपण ज्यात चहा उकळतो तो हाच धातू.

हा पालट घडविला दोन तरुणांनी. अमेरिकेत ओहायो राज्यातील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू हे दोघेही १८६३ सालचे जन्माचे. दोघांनी परस्परांस न ओळखता १८८६ या एकाच वर्षी, विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधून काढली. आणि दोघेही १९१४ साली निवर्तले. योगायोग असावा तर असा. त्यांची रीत आजही चालू आहे. चार किलो बॉक्साइटपासून साधारण दोन किलो शुद्ध भस्म निघते व त्यापासून एक किलो धातू. त्या एका किलोसाठी तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. आपल्या रत्नागिरी, रायगड व कोल्हापूर जिल्ह्यांतील सड्यांवर हे बॉक्साइट आहे, ही गोष्ट ज्या सड्यावर आपण गुरे चारली त्याकडे पाहताना आपल्या मनातही येत नाही. भारतात या धातूचे उत्पादन १९४३ साली केरळमध्ये आलुव्याजवळ सुरू झाले.

आता होडीकडे वळू. धातू स्वस्त होताच नौका बांधणाऱ्यांची दृष्टी तिकडे गेली. आकारमानाने समान घेतले तर लोखंडाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजन, आणि गंज चढत नाही, याहून नौकेस काय हवे? १८९० नंतरच्या चारपाच वर्षांतच स्वित्झर्लंड, फ्रान्स व इंग्लंडमधील कारखान्यांतून ॲल्युमिनियमच्या लहान नौका बाहेर पडल्या. लंडनच्या यारो कारखान्याने १८९४ साली फ्रेंच आरमाराकरिता या धातूची एक टॉर्पेडो नौका बांधली. ती वेगात फार उत्तम निघाली, व खाऱ्या पाण्यात थोड्याच काळात खराब झाली. धातूस बळकटी यावी म्हणून त्यात तांबे मिसळले होते. हे तांबे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परंतु या प्रकरणाचा मुकुटमणी म्हणजे ‘डिफेंडर’ हे शर्यतीचे गलबत. अमेरिका चषक या नावाची शिडाच्या नौकांची शर्यत १८५१ पासून चालत आलेली आहे. १८९५ साली इंग्लंडचे लॉर्ड डनरेव्हन ‘व्हाल्किरी तिसरी’ घेऊन चषक जिंकावयास येणार, हे कळताच न्यूयॉर्कच्या धनिकांनी ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टल गावच्या नॅथनेल हेरेशॉफ यांच्याकडून नवे गलबत बांधविले. हेरेशॉफ हे त्या काळचे नौकाशास्त्रातील अद्वितीय पुरुष. त्यांनी काय करावे? सांगाडा पोलादाचा केला. पाण्याखालचा भाग गुळगुळीत राहावा व त्यावर शेवाळ धरू नये म्हणून तो ब्राँझचा, म्हणजे तांबे ज्यात प्रधान आहे अशा मिश्रधातूचा केला. आणि वरचा भाग हलका हवा म्हणून पाण्यावरचे पत्रे ॲल्युमिनियमचे घातले. तीन धातू, एक गलबत, व भोवताली खारे पाणी! ‘डिफेंडर’ शर्यत जिंकले. पण ते बंदरात नांगरून उभे असतानाच त्याचे ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने झडू लागले. १८९९ साली नव्या गलबताच्या सरावासाठी त्याची एकदा डागडुजी झाली, आणि १९०१ साली ते मोडीत निघाले. लाखो रुपयांच्या तोडीची वस्तू, आयुष्य अवघे सहा वर्षे.

असे का झाले, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटून ओल्या जागी राहिले की त्यांच्यामध्ये सूक्ष्म वीज खेळू लागते. त्या व्यवहारात एक धातू सुरक्षित राहतो व दुसरा त्याच्यापायी झिजतो. तांबे व ॲल्युमिनियम यांची जोडी जमली तर झिजणारा नेहमी ॲल्युमिनियम. वास्तविक या धातूस स्वतःचे एक कवच असते. हवा लागताच त्यावर डोळ्यांस न दिसणारा भस्माचा पापुद्रा धरतो, आणि तो पापुद्रा आतील धातूचे रक्षण करतो. आपल्या गृहिणी हे शास्त्र न शिकताही जाणतात. जर्मनच्या भांड्यात सोलकढी किंवा चिंचेचे सार ठेवू नये, असे प्रत्येक सासूने प्रत्येक सुनेस सांगितलेले आहे. आंबटाने तोच पापुद्रा विरघळतो. तांब्याचा सहवासही, निराळ्या मार्गाने, त्या पापुद्र्यास टिकू देत नाही.

आता येथे इतिहासाचा खरा खेद आहे. हे ज्ञान १८९५ साली नवीन नव्हते. लाकडी लढाऊ जहाजांच्या तळास त्या काळी तांब्याचे पत्रे मारीत. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेले व आजही इंग्लंडात जतन करून ठेवलेले ‘त्रिंकोमाली’ हे त्याच पिढीतले जहाज. खाऱ्या पाण्याने हे पत्रे झिजतात म्हणून ब्रिटिश आरमाराने सर हंफ्री डेव्ही यांचा सल्ला विचारला. होय, ज्यांनी ॲल्युमिनियमचे बारसे केले तेच हे डेव्ही. त्यांनी १८२४ साली दाखवून दिले की, तांब्यास लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो व तांबे सुरक्षित राहते. प्रयोग इतका यशस्वी झाला की तोच अपयशी ठरला. झिजण्याचे थांबलेल्या तांब्यावर कालवे व शेवाळ यथेच्छ वाढू लागले, जहाजे मंदावली, आणि आरमाराने ती युक्ती सोडून दिली. पण नियम तर सिद्ध झाला होता. एक्काहत्तर वर्षांनी हेरेशॉफसारख्या पुरुषाने तांब्याच्या शेजारी ॲल्युमिनियम बसविले ते अज्ञानाने म्हणावे, की चषक जिंकेपर्यंत टिकले म्हणजे पुरे, अशा हिशेबाने? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण ज्यांना सहा वर्षांत गलबत मोडीत काढणे परवडते त्यांचा हिशेब निराळा, आणि ज्यांची पहिलीच होडी आहे त्यांचा निराळा.

पुढील पन्नास वर्षे या धातूने समुद्र सोडून आकाश धरले. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी तांबे व मॅग्नेशियम मिसळून ‘ड्युराल्युमिन’ हा कणखर मिश्रधातू काढला व विमाने त्याची होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत या धातूचे उत्पादन प्रचंड वाढले, आणि पत्रे वाकविणारे, रिव्हेट ठोकणारे हजारो स्त्रीपुरुष तयार झाले. मग युद्ध संपले. इतके पत्रे व इतके हात यांचे करावे काय?

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ग्रुमन नावाची कंपनी आरमारासाठी लढाऊ विमाने बांधीत असे. तिचे एक अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ साली सुट्टीत डोंगराळ प्रदेशात नौकाविहारास गेले. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना तिकडे नाव खांद्यावर घेऊन चालावे लागते. लाकडी नावेच्या ओझ्याखाली चालताना त्यांच्या मनात आले की, आपण विमाने ज्या पत्र्याची करतो त्याचीच ही का करू नये? १९४५ पासून ग्रुमनच्या ॲल्युमिनियमच्या नावा बाजारात आल्या. मिनेसोटात तर हे लोण वणव्यासारखे पसरले. या राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. १९४६ साली तेथे क्रेस्टलायनर व अल्युमाक्राफ्ट या कंपन्या निघाल्या, १९४८ साली न्यूयॉर्क मिल्स या लहानशा गावी हॉवर्ड लुंड यांची कंपनी निघाली. पाठीमागे लावण्याचे सुटे इंजिन शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ओले एव्हिन्रूड या नॉर्वेहून आलेल्या कारागिराने १९०९ पासूनच विकावयास काढले होते. इंजिन तयार, तळी तयार, फक्त हलकी होडी हवी होती. तांब्याऐवजी मॅग्नेशियम मिसळलेले पत्रे आता मिळू लागले होते व ते पाण्यास चांगले टिकत. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार अशा बेताच्या मिळकतीच्या माणसाच्या दारात ट्रेलरवर स्वतःची होडी उभी राहिली ती या काळात. विमानाच्या कारखान्याने सामान्य माणसास होडीचा मालक केले, ही गोष्ट आम्हांस शर्यतीच्या चषकाहून मोठी वाटते.

आमच्या चिरंजीवांची होडी याच वंशातली. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या होडीच्या पिछाडीवर बारा अक्षरांचा क्रमांक कोरणे सक्तीचे झाले. या होडीवर तो नव्हता, म्हणजे ती त्यापूर्वीची. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता प्रथमच तिकडे गेलो तेव्हा ती घरामागे गवतात पडलेली पाहिली. हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला. बैठकींच्या पोकळीत होडी तरती राहावी म्हणून भरलेला फेस पाणी पिऊन दगडासारखा जड झालेला. इंजिन ज्यावर अडकवितात ती पिछाडीची आतील फळी ओल्या तंबाखूसारखी काळी पडून बोटाने निघत होती. पत्रा मात्र, ठिकठिकाणी पोचे सोडले तर, शाबूत होता. पन्नास वर्षांनी लाकूड गेले होते आणि धातू उभा होता. जन्मभर लाकडी होड्या पाहिलेल्या आम्हांस हे दृश्य उलटे वाटले.

चिरंजीवांनी एक उलटीच परीक्षा केली. होडी ट्रेलरवर ठेवून तिच्या आत चार बोटे पाणी भरले, व खाली उताणे पडून कोठून थेंब येतात तेथे खडूने खुणा केल्या. सत्तावीस रिव्हेट गळत होते. आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले की, एवढे कष्ट कशाला? दोन दिवस पाण्यात बुडवून ठेव, आपोआप गळती बंद होईल. आपल्याकडे पावसाळाभर नारळाच्या झापांखाली शाकारलेल्या होडीच्या फळ्या सुकून आकसतात, सांध्यांत कापसाची वात ठोकून तेल चोपडतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटली की पहिले एकदोन दिवस गळते, मग लाकूड फुगून सांधे बसतात. तिकडील जुन्या लाकडी होड्यांचीही हीच कथा होती. चिरंजीव हसून म्हणाले, “बाबा, पत्रा फुगत नाही.” आम्ही गप्प बसलो. लाकूड चुका पोटात घालते व पाण्यात गेल्यावर स्वतःच स्वतःला सांधते. धातूस ही क्षमावृत्ती नाही.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तर बरे होते. पिछाडीच्या फळीसाठी प्लायवूड आणावयास दुकानात गेलो. तेथे दोन प्रकारचे होते. एक साधे, पण पाण्यास टिकणाऱ्या सरसाचे. दुसरे औषध मुरविलेले, किंचित हिरवट. चिरंजीव पहिले घ्यावे म्हणत होते, त्यास सर्व बाजूंनी इपॉक्सीचा लेप देणार होते. आम्ही आग्रह धरला की, पाण्यात जाणारे लाकूड औषधपाणी केलेलेच हवे. माशाच्या तेलात न मुरविलेली फळी होडीस लावलेली तुझ्या आजोबांनी कधी पाहिली नाही. वडिलांचे नाव निघाल्यावर मुलगा काय बोलणार? हिरवट फळी आली, बसली, उत्तम दिसली. सत्तावीस रिव्हेटही त्याने ठाकठीक केले. दोन महिने आम्ही त्या होडीतून मासे धरले. तिकडील वॉलाय नावाचा मासा रुचकर असतो, पण आपल्या मोरीची किंवा बांगड्याची सर त्यास नाही, हे निःपक्षपातीपणे नमूद करतो.

पुढे महामारी आली. आमचे जाणे राहिले, आणि चिरंजीवांच्या संसारातील अडचणींमुळे होडीही ताडपत्रीखाली ओलीच पडून राहिली. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा गेलो. फळीच्या कडेने रांगोळीसारखी पांढरी भुकटी दिसत होती. बोल्ट काढून फळी सोडविली, तो तिच्या मागील पत्र्यावर टाचणीच्या टोकापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे खड्डे, व नऊ ठिकाणी आरपार भोके. पन्नास वर्षे ज्यास पाणी काही करू शकले नाही त्यास चार वर्षांत आमच्या फळीने खाल्ले होते.

ती हिरवट छटा तांब्याच्या क्षारांची होती. पितळेच्या भांड्यास चढणारा हिरवा कळंक आम्ही लहानपणापासून पाहत आलो, मुलांना शाळेत शिकविला, आणि दुकानात डोळ्यांसमोर असता ओळखला नाही! लाकडात तांबे, क्रोम व आर्सेनिक मुरविण्याची प्रसिद्ध रीत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम या आपल्याच देशातील शास्त्रज्ञाने १९३३ साली शोधली. तीमुळे जगभर लाकडाचे आयुष्य वाढले. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ अखेर ती रीत घरगुती लाकडापुरती बंद झाली, व तिच्या जागी जी औषधे आली त्यांत तांब्याचे प्रमाण अधिकच आहे. घराच्या ओट्यास ती उत्तम. ॲल्युमिनियमच्या अंगास मात्र तेच ‘डिफेंडर’चे ब्राँझ. याच कारणाने या होड्यांच्या तळास तांबेयुक्त रंग देत नाहीत, आणि तांब्याचे नाणेसुद्धा तळाशी ओलाव्यात पडून राहू देऊ नये, असे तिकडील जुने लोक बजावतात.

‘डिफेंडर’ची हकीकत आम्ही वाचली ती यानंतर. क्रम उलटा झाला.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, लाकूड मीच आणले होते.” पैसे त्याने दिले होते, एवढ्यापुरते ते खरे. होडी भंगारात द्यावी, असे त्याच्या मनात होते. हा धातू वितळविला तर नवा करण्याच्या मानाने फारच थोडी वीज लागते, तेव्हा त्यात नुकसान नाही, असे तो आम्हांस समजावू लागला. ते समजावणे आमच्यासाठी होते, हे आम्हांस कळत होते. आम्ही म्हटले, “आधी ठिगळ लावून पाहू.”

खाल्लेला भाग घासून, धुऊन उजळ केला. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव म्हणून तो कोरडा न घासता ओला करून काढला. मॅग्नेशियमयुक्त ५०५२ क्रमांकाच्या पत्र्याचे एकच मोठे ठिगळ पिछाडीवर बसविले, मध्ये रबरासारखा लवचिक लेप भरला. एका बाजूनेच दाबून बसविण्याचे पोकळ रिव्हेट बाजारात मिळतात, पण त्यांतील साधे प्रकार मधून पाणी सोडतात. भरीव रिव्हेटास दोन माणसे लागतात. एकाने आतून लोखंडी ठोकळा टेकून धरावयाचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडा मारावयाचा. ठोकळा रेसभर जरी कलला तरी रिव्हेट तिरका बसतो. बाहेर चिरंजीव, व आत, गुडघ्यांवर, आम्ही. अडतीस रिव्हेट मारले. त्यांतील पाच आमच्यामुळे तिरके बसले व पुन्हा काढावे लागले. मध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. दोनदा ठोकल्याचा आवाज म्हणजे ‘तयार’, एकदा म्हणजे ‘थांब’, एवढीच भाषा. त्या तीन दिवसांत आम्ही बापलेक एरवीच्या वर्षभरापेक्षा अधिक बोललो, असे आमच्या कुटुंबाचे मत आहे.

या वेळी फळी साध्या प्लायवूडची, इपॉक्सीचे तीन हात दिलेली. बोल्ट स्टेनलेस पोलादाचे, पण त्यांच्या व पत्र्याच्या मध्ये नायलॉनच्या चकत्या, म्हणजे अंगास अंग लागावयास नको. उघड्या पत्र्यावर थेट रंग धरत नाही, म्हणून प्रथम त्यास चिकटणारे प्राइमर, मग रंग. रंग कोणता, असे विचारले तेव्हा आम्ही हिरवा नको एवढेच सांगितले.

पुन्हा आत चार बोटे पाणी भरले. आम्ही दोघेही खाली उताणे पडलो. पिछाडी कोरडी. नाळेकडील एक जुना रिव्हेट मात्र मिनिटास एक याप्रमाणे थेंब सोडीत होता. चिरंजीव त्यास हात लावणार होते, पण तोवर ऊन कलले होते व तळे अर्ध्या मैलावर होते. होडी पाण्यात लोटली. आमच्या तीर्थरूपांची रीत अशी की होडीवाला चढल्यावाचून खलाशाने पाय ठेवावयाचा नाही. आम्ही काठावर उभे राहिलो. चिरंजीव इंजिनापाशी जाऊन बसले व म्हणाले, “बाबा, या ना.” मग आम्ही चढलो.

तो रिव्हेट अजून गळतो, असे परवाच्या दूरध्वनीत कळले. पाणी उपसण्याकरिता होडीत एक जर्मनचे पातेले ठेवलेले असते. आमच्या कुटुंबाने २०१९ साली भातासाठी म्हणून गावाहून नेलेले ते. होडी व पातेले एकाच धातूचे असल्यामुळे त्यांचे आपसांत भांडण होण्याचा प्रश्न नाही.